भावाने धरलेली बॅटरी

मी भंडाऱ्याला एका कॉलेजात कारकून आहे. मोठा भाऊ गावी, करडीला, आमची धानाची शेती पाहतो. त्याची मुलगी बारावीत गेली आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर लेक्चर पाहून तिचे डोळे दुखायला लागले, तेव्हा आमच्या घरातला जुना कम्प्युटर मी तिला दिला. न्यायला भाऊच आला होता. त्याने विचारलं, "सगळं बराबर चालते ना गा?"

मी म्हणालो, "एकदम."

ते खोटं होतं. दोन महिन्यांपूर्वीच त्याचा आवाज गेला होता. पडद्यावरच्या स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली यायची. मी मागची हिरवी पिन काढून पुन्हा लावली, शेजाऱ्यांचे स्पीकर आणून पाहिले, ड्रायव्हर टाकला, शेवटी विंडोजही नव्याने टाकून घेतली. दुरुस्तीवाला म्हणाला, "आतली साउंडची चिप गेली. बाहेरून लावायचं कार्ड भेटते, पेन ड्राइव्हएवढं. ते लावा." तेवढ्यात मुलाचा लॅपटॉप आला आणि ते राहूनच गेलं.

खोटं का बोललो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भाऊ दारात उभा राहून माझ्या बायकोला सांगत होता, "आमच्या बाबूनं पोरीची काळजीच मिटवली." तेव्हा 'आवाज तेवढा नाही' असं म्हटलं असतं, तर माझं देणं लहान झालं असतं. ते मला लहान व्हायला नको होतं. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

भाऊ कम्प्युटर गोधडीत गुंडाळून बसने घेऊन गेला. नंतर तीन आठवडे त्याचा फोन नाही. एरवी तो दर दोन दिवसांनी करतो. मीही केला नाही.

धानाची मळणी झाली तेव्हा एका रविवारी करडीला गेलो. पुतणी कम्प्युटरपुढे बसली होती, शेजारी मोबाइल.

"काका, गंमत पाहा," ती म्हणाली. तिने दोन्हीवर एकच लेक्चर लावलं, एक बोट माउसवर, एक मोबाइलवर ठेवलं आणि म्हणाली, "एक, दोन, तीन!" मोठ्या पडद्यावर सर फळ्यावर लिहू लागले, त्यांचा आवाज मोबाइलमधून येऊ लागला. "आज जुळलं. कधी कधी सर आधी बोलतात अन् मंग लिहितात."

वहिनी आतून म्हणाली, "नेट दुप्पट जाते भाऊजी. मास्तर एक, अन् खर्च दोघांचा."

पोरगी हसली. भाऊ हसला नाही. त्याने मला अंगणात नेलं.

"बाबू, एक सांगाचं होतं. त्याचा आवाज माह्या हातानं गेला. बसमधी एक बाई उभी होती, कडेवर पोरगं. तिले जागा दिली अन् कम्प्युटरचा डब्बा खाली ठेवला. खड्ड्यात गाडी आदळली, तं तो आडवा झाला. तुले फोन कराची हिंमत नाई झाली."

तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "पाहू तरी."

मग मी सगळं केलं. डब्बा भिंतीपासून ओढला, हिरवी पिन काढली, पुसली, लावली. स्पीकरचं बटण फिरवलं. सेटिंग उघडून बंद केली. भाऊ मागे बॅटरी धरून उभा होता, मी बोट नेईन तिथे उजेड नेत होता. मधे हात बदलत होता. आवाज येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी त्याने हळूच विचारलं, "पडला म्हणूनच ना?"

मी म्हणालो, "असू शकते."

कम्प्युटर देतानाच्या खोट्याला मी निदान काही कारण सांगू शकतो. या दोन शब्दांना सांगू शकत नाही.

पुढच्या रविवारी ते कार्ड घेऊन गेलो. लावलं, पिन त्यात खोचली आणि सरांचा आवाज घरभर झाला. पोरीने टाळी वाजवली. भाऊ नुसता "अरे बापा" म्हणाला आणि बाहेर गेला. दरवर्षी तो मला नव्या तांदळाचे दोन कट्टे देतो. मी निघालो तेव्हा माझ्या गाडीच्या डिकीत तीन होते.

"दादा, हा तिसरा काहून?"

"तुही वस्तू मी आपटली, तूच येऊन सुधरवली. राहू दे."

मग मात्र मी सांगितलं. "तुह्या हातानं काहीच नाई झालं. मी देला तवाच त्याले आवाज नव्हता. मले मालूम होतं."



"मंग त्या दिवशी मले बॅटरी कायले धराले लावली?"

मी डिकीतले कट्टे सारखे करायला लागलो.

"हात दुखून राहिला होता माहा. मी म्हणून राहिलो होतो मनात, बाबू कसा डॉक्टरसारखा पाहून राहिला."

वहिनी दारात आली होती. म्हणाली, "अन् तीन आठवडे मले दम देऊन ठेवला होता, भाऊजीले सांगू नोको म्हणून!"

"तू चूप राह्य," भाऊ म्हणाला. त्याने तिसरा कट्टा डिकीतून ओढला. मी हात लावायला गेलो तर कोपराने बाजूला सारलं. कट्टा खांद्यावर घेऊन तो आत ठेवून आला आणि डिकी लावली. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं.

"दोन तुहे हायेत, ते ने," तो म्हणाला. "पोरीले मी सांगणार नाई. तू सांग."

मी आत गेलो. मोबाइल उपडा पडला होता, ती वहीत लिहीत होती. तिने लेक्चर थांबवलं. मी तिला सगळं सांगितलं, अगदी त्या 'असू शकते'सकट.

तिने पेनाला टोपण लावलं.

"बाबाले सांगितलं?"

"आत्ताच."

"काय म्हणाले?"

"बॅटरी कायले धराले लावली, म्हणे."

तिने मान हलवली. मग लेक्चर थोडं मागे नेलं, कारण माझ्या बोलण्यात तिचं शेवटचं वाक्य लिहायचं राहून गेलं होतं.