दोन रंगांचा तुकडा

माझं काम अंधाऱ्या खोलीत चालतं. सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत मी पेशींमधली गुणसूत्रं रंगवते आणि त्यांचे फोटो काढते. नुसत्या डोळ्यांना दोन लाल सारखेच दिसतात. कॅमेरा मात्र प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश फोडून बघतो आणि संगणक गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीला तिचा वेगळा रंग देतो. दिवसभर कुणाशी बोलायचं काम पडत नाही. साताऱ्याहून आईचा फोन येतो, जेवलीस का, एवढंच. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला मेलीला अजून झालेली नाही.

आटपाडीकडचं एक मेंढपाळ कुटुंब आलं तेव्हा सुनेचे तीन गर्भ पडले होते. सासूनं बाहेरच सांगून टाकलं, "रिपोट वाईट आला की हिला म्हायेरी धाडायची." तपासायला रक्त द्यायचं ते फक्त सुनेचं, असं धरूनच ते आले होते. बहुतेक जण असंच धरून येतात. दोघांचं लागेल म्हटल्यावर नवरा फुरंगटला, "मला काय धाड भरलीया?" डॉक्टरांनी दटावलं तेव्हा कुठं त्यानं हात पुढं केला.

रिपोर्टच्या दिवशी चित्र समजावून द्यायला डॉक्टरांनी मला बोलावलं. एका निळ्या गुणसूत्राला पिवळं टोक होतं, आणि एका पिवळ्याला निळं. सासूबाई जवळ सरकल्या.

"मेंढराच्या पाठीवर रंगाची खूण करतो, तसं हाय की ह्ये. परक्या खांडातलं मेंढरू कळपात शिरलंय न्हवं?"

"परकं काही नाही, मावशी. घरच्याच दोन तुकड्यांची अदलाबदल झालीय. माणूस ठणठणीत राहतो, पण गर्भ टिकणं अवघड जातं."

"मी म्हनत हुतेच. हिच्यातच खोट."

"हे चित्र तुमच्या मुलाचं आहे."

नवरा फरशीकडं बघत बसला. डॉक्टर म्हणाले, यात कुणाचा दोष नाही, उपाय आहेत. सून हळूच म्हणाली, "आत्ती, मग आता ह्यास्नी कुठं धाडायचं?"

सासूनं तोंडाला पदर लावला. ते तिघं एकाच रिक्षानं स्टँडकडं गेले.

मी खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मलाही गर्भ टिकेना म्हणून माहेरी धाडलं होतं. माझ्या नवऱ्याचं रक्त कुणी मागितलं नाही. मीसुद्धा नाही.