बॉनेटवरचं झाकण

२००५ च्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग यॉर्कशायरमधल्या एका ट्रान्सपोर्ट स्क्वाड्रनमध्ये होती. मी फलटणच्या मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला ग्रॅज्युएट. लीड्सला पुढे शिकायला आलो आणि ब्रिटिश सैन्यात ड्रायव्हर झालो. बर्फात ट्रक चालवायला मला कॉर्पोरल ग्रँट यांनी शिकवलं. ते एडिनबराचे. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

१६:०० वाजता आदेश आला. उद्या ०८:३० ला चार ट्रक डोंगरमाळावरून पलीकडच्या कॅम्पला न्यायचे. मी टायर, बॅटरी, अँटिफ्रीझ, दिवे तपासले. फावडं आणि ब्लँकेट आत ठेवलं. काच धुण्याच्या बाटलीत वॉशर फ्लुइड, म्हणजे थंडीत न गोठणारं पाणी, जवळजवळ नव्हतंच. कॅन रिकामा, स्टोअर बंद. मी नळाचं पाणी ओतलं. गावी सगळे तेच करतात. तपासणीच्या फॉर्मवर टिक केली.

ग्रँट यांचा एक नियम होता. बाटलीतलं थोडं पाणी झाकणात घेऊन रात्रभर बॉनेटवर ठेवायचं. सकाळी ते गोठलेलं दिसलं, तर गाडी हलणार नाही. मी झाकण ठेवलंच नाही.

"झाकण पाहिलंस?" सकाळी त्यांनी विचारलं.

"पाहिलं, कॉर्पोरल."

"तुमच्याकडे बर्फ फक्त सरबतात असतो. म्हणून विचारतो."

"पाहिलं, कॉर्पोरल."

ग्रँट पहिल्या ट्रकमध्ये, मी त्यांच्या मागे. ०९:०५ ला बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ मिसळलेला चिखल त्यांच्या चाकांनी उडून माझ्या काचेवर बसला. वायपरने तो आणखी पसरवला. वॉशर दाबला. पाणी आलं नाही. समोरून ऊन आलं आणि काच पूर्ण पांढरी झाली.

तेवढ्यात रेडिओवर ग्रँट. "सगळे थांबा. माझा ट्रक घसरलाय. मी पायी मागे येतोय."

मी हळूहळू ब्रेक दाबला. ट्रक सरकत राहिला. ग्रँट समोर रस्त्यावर आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तेव्हा ट्रक थांबला होता. बॉनेटवर हाताची थाप पडली.

"उतर."

बंपर आणि त्यांचे गुडघे यांत वीतभर अंतर होतं. त्यांनी बाटली हलवून पाहिली. आत बर्फ.

"नळाचं?"

"होय, कॉर्पोरल. झाकण ठेवलं नव्हतं. खोटं बोललो."

त्यांनी स्वतःच्या मफलरने माझी काच पुसली.

"हे कॅम्पवर पोचल्यावर तूच सांगायचंस. आता चालव."

मी सांगितलं. शिक्षा झाली.

पुढच्या वर्षी ग्रँट परदेशात ड्युटीवर असताना वारले. फेब्रुवारीत एडिनबराजवळ त्यांचा अंत्यविधी झाला. शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांची गाडी मी चालवली. आदल्या संध्याकाळी वॉशर फ्लुइड भरून बॉनेटवर झाकण ठेवलं होतं. सकाळी सगळीकडे बर्फ होता. मी झाकणाला बोट लावलं. आतलं पाणी हललं.