हातावरचं भुरभुरं पीठ

भुरभुरं म्हणजे नुसतं बारीक नव्हे. मैदाही बारीक असतो, पण बोटाला चिकटून बसतो. चिमटीतून सोडल्यावर जे मागं काही न ठेवता सुटं सुटं झरतं, ते भुरभुरं. वखरलेली माती भुरभुरी, गोवरीची राख भुरभुरी. शिळ्या भाकरीला कोणी भुरभुरी म्हटलं तर आमच्या घरी हसतील. मी चौथीतून शाळा सोडली, पण या शब्दाबाबत कोणाचं ऐकणार नाही. तो मला बायकोनं शिकवला. ज्वारीच्या लाह्या फोडून पीठ दळलं की ती चिमूटभर डाव्या हातावर घ्यायची, अंगठ्यानं चोळायची, आणि पसंत पडलं तरच म्हणायची, "भुरभुरं झालं." त्याआधी कोणाच्या वाटीत पडत नसे.

यंदा तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कारंज्याचा डॉक्टर म्हणाला, मऊ-पातळ भरवा. पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं ऐकून तिनं माझी बाही जी धरली ती सोडेना. घरी आणलं. पण पेज न्या, वरणाचं पाणी न्या, ओठ मिटून भिंतीकडे तोंड. मानोऱ्याहून मुलगी आली, तिचंही ऐकेना. गालाची हाडं वर आली. कधी कोणापुढं हात न जोडणारा मी, तिच्यापुढं जोडले. तिनं डोळे मिटले.

तेव्हा मी चुलीवर कढई ठेवली.

"बाबा, जन्मात चुलीपाशी गेले नाही, आन् आता लाह्या फोडून राह्यले?" मुलगी म्हणाली. "अर्ध्या जाळल्या पाहा!"

"जळू दे. तू जातं पूस."

"डॉक्टर म्हने कोरडं देऊ नका. ठसका लागन तिले."

"तोंडात कोन देते? हातावर ठेवतो."

दळलं, चाळलं, चिमूटभर तिच्या डाव्या हातावर ठेवलं. बोटं तशीच पडून. मग अंगठा हलला. चोळलं, आणि तिनं हात झटकला. पीठ गोधडीवर सांडलं.

"पाहा, नाहीच म्हनते ते," मुलगी रडकुंडीला आली.

"नाही कुठं? जाडं हाये म्हनते."

माझ्या जुन्या धोतराचं फडकं घेऊन पुन्हा गाळलं. पुन्हा हातावर ठेवलं. यावेळी ती बराच वेळ चोळत राहिली. बोटांतून पीठ झरलं, आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. शब्द आला नाही. मीच म्हणालो, "भुरभुरं झालं ना?"

ओठ थोडे उघडले. मुलीनं तिच्यासमोरच दुधात कालवून मऊ केलं, चमचा लावला. अर्धं वाकड्या बाजूनं गळ्यावर ओघळलं. पण उरलेलं उतरलं; गळा हललेला मी पाहिला.

दुसऱ्या चमच्याला तिनं तोंड फिरवलं.

मुलगी वाटी घेऊन उभीच. मी तिला म्हटलं, "दूध गरम ठेव," आणि फडकं झटकून परत गाळायला बसलो.