गुहेचं तोंड

भरे गावाजवळच्या नव्या प्राणिबागेत मी हिमालयातल्या अस्वलाचं घर आखत होतो. तिथे सिमेंटचे कडे घडवणारी एक गवंडीबाई होती. ओल्या सिमेंटवर अंगठा फिरवून ती दगडाच्या भेगा हुबेहूब काढायची.

एकदा प्राणिबागेच्या साहेबांनी अस्वलाच्या गुहेचं तोंड पश्चिमेला, प्रेक्षकांसमोर करायला सांगितलं. तिने थापी खाली ठेवली.

“दुपारचं ऊन सरळ आत जाईल. थंडीतलं जनावर भाजंल. म्या न्हाई करायची.”

“लोकांना अस्वल दिसायला नको?” साहेब म्हणाले.

“लोक घटकाभर बघत्यात. त्याला जलमभर हितं ऱ्हायाचंय.”

साहेबांनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. हात धुऊन ती ताठ मानेने निघून गेली. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मी नकाशात गुहा उत्तरेकडे फिरवली. साहेब भडकले.

“याशिवाय दुसऱ्या कुठल्याही नकाशावर मी सही करणार नाही,” मी म्हणालो.