तबकडीतले मामंजी

नाशकातले ते प्रकरण विसरतो म्हटले तरी विसरता येत नाही. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, त्यांचे तपासही झाले. पण मेलेल्या माणसाने मागे राहिलेल्या बाईला घराबाहेर काढायला निघावे, असे प्रकरण हाताशी आले ते एकदाच. नावे कोणाचीच लिहीत नाही. त्यातल्या माणसांची मुलेबाळे अजून त्याच गल्ल्यांतून वावरत आहेत.

बोलपट तेव्हा नुकतेच आले होते. पडद्यावरची माणसे बोलतात म्हणून खेड्यापाड्यांतून लोक बैलगाड्या जोडून बघायला येत. मी फौजदार म्हणून नव्यानेच बदलून आलो होतो. मूळचा मी कोकणातला, समुद्राकाठी वाढलेला. आणि सरकारने मला राहायला जागा दिली ती नेमकी तांबट आळीला लागून. चौकीही तिथेच. उजाडले की ठोके सुरू. हंडे, घागरी, बंब, पातेली, जे हाताला येईल ते दिवेलागणीपर्यंत ठोकायचे. माझे डोके नुसते उठायचे. शेजारच्या तांबटाला एकदा वैतागून विचारले, की तुम्हाला याचा त्रास होत नाही का? त्याने कपाळाला आठी घालून मलाच विचारले, कशाचा? मला वाटले, गडी चेष्टा करतोय.

त्या आळीतला एक म्हातारा तांबट. धंद्यात बरकत आल्यावर त्याने नदीपलीकडे पंचवटीत घर घेतले आणि तिकडे राहायला गेला. एकुलता एक मुलगा तापाने गेला. घरात उरली विधवा सून आणि तिची लहान मुलगी. म्हाताऱ्याचे शेवटचे आजारपण या सुनेने काढले. लिहिण्यावाचण्याशी म्हाताऱ्याचा संबंध नव्हता. त्याने जातीच्या पंचांना घरी बोलावले आणि तोंडी सांगितले, की हे घर माझ्या सुनेचे आणि नातीचे. पंचांनी माना डोलावल्या. पुढे थोड्याच दिवसांत म्हातारा गेला.

तेराव्याचे जेवण उरकले आणि म्हाताऱ्याचा पुतण्या पुढे आला. आळीतले दुकान तोच चालवायचा. पंच विडा चघळत बसले होते, त्यांच्यापुढे त्याने फोनो मांडला आणि वर एक ॲल्युमिनियमची तबकडी ठेवली. बाजारात मिळते ती गाण्याची काळी तबकडी नव्हे; कोऱ्या पत्र्यावर यंत्राने आवाज कोरून घरच्या घरी करतात ती. तिला पोलादी सुई चालत नाही, म्हणून बाभळीचा काटा लावला. आणि कर्ण्यातून म्हातारा बोलू लागला. तोच जाड, दमेकरी आवाज, तेच सुरुवातीचे 'बरं का मंडळी'. मागे बोललो ते विसरा म्हणाला. घर पुतण्याला द्या. ही बाई पांढऱ्या पायाची आहे, हिने आल्या आल्या माझा मुलगा खाल्ला, हिला माहेरी लावून द्या.

मेलेला माणूस बोललेला त्या मंडळींनी कधी ऐकलेला नव्हता. एकाने उठून कर्ण्याला हात जोडले. वाद घालणार कोणाशी? पंचांनी घर पुतण्याला दिले. बाई घर सोडीना, तेव्हा पुतण्याने चौकीत अर्ज आणून दिला, की शांतताभंग होण्याचा संभव आहे, सबब पोलीस बंदोबस्त मिळावा. म्हणजे बाईला बाहेर काढायचे काम माझ्या गळ्यात पडले.

सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी लिहीत होतो, तेव्हा जमादार तिला घेऊन आला. अशा वेळी बायका रडतात, पदर पसरतात, शिव्याशापही देतात. ही नुसती उभी राहिली. मी तिला विचारले, घर तुझे आहे म्हणतेस, पुरावा काय?

ती म्हणाली, "घराचं जाऊ द्या साहेब. आवाज मामंजींचाच आहे, मीही ओळखला. पण त्यांना मी लेकीसारखी न्हाऊमाखू घातलं. ते मला बाळ म्हणायचे. मग माझ्यामागं असं बोलले असतील का, एवढंच मला कळू द्या. कळलं की मी आपली जाईन."

सासूसासऱ्यांनी छळलेल्या बायका मी खंडीभर पाहिल्या होत्या. मेलेल्या सासऱ्याच्या मनात काय होते हे फौजदाराला विचारायला आलेली ही पहिलीच. मला त्या पुतण्याचा राग आला, आणि रागाला पुरावा काहीच नव्हता. दिवेलागणीला आळीतले ठोके थांबल्यावर मी त्याला फोनो आणि तबकडी घेऊन बोलावले. सोबत पंचांपैकी सर्वांत वडील गृहस्थही आले.

पुतण्या झुळझुळीत धोतर नेसलेला, अदबीने बोलणारा. त्याने सांगितले, की काकांच्या शेवटच्या दिवसांत पंचवटीच्या घरी, त्यांच्या खाटेपाशी हे बोलणे कोरून घेतले. बाई तेव्हा पाण्याला गेली होती. यंत्र तांबट आळीतल्या रेडिओ मिस्त्रीचे. पुतण्याने काटा टेकवला. म्हातारा बोलला. मी दुसऱ्यांदा लावायला सांगितले, मग तिसऱ्यांदा. बोलण्याच्या मागे काहीतरी वाजत होते. धप्प, आणि मागोमाग हलकेच धप. पुन्हा धप्प, पुन्हा धप.

मी विचारले, हे मागे काय वाजते? पुतण्या म्हणाला, काय वाजते? वडील पंच कानामागे हात धरून म्हणाले, काही नाही हो, एकटे त्यांचेच बोलणे आहे. मी जमादाराकडे पाहिले. तो बाहेरगावचा, देवळ्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, "वाजतंय की साहेब. लय मंद हाय, पण हाय." तेव्हा कुठे पुतण्याने नीट ऐकले, आणि लगेच उत्तर दिले, की घर नदीवर आहे, घाटावर धोबी कपडे आपटत असतील. उत्तर अगदी बिनतोड होते. मी त्याला जाऊ दिले, पण तबकडी जप्त करून पंचनामा केला.

दुसऱ्या दिवशी मी आणि जमादार पंचवटीत त्या घरी जाऊन बसलो. म्हाताऱ्याची खाट होती तिथेच बसलो. भाजीवाल्यांची ओरड, देवळांतल्या घंटा, भटजींचे मंत्र, सगळे खिडकीतून सरळ आत येत होते. त्यातले काहीही तबकडीत नव्हते. धोब्यांचे आपटणेही ऐकले. ते कसेही पडते. कपडा जड असला की सावकाश, हलका असला की भराभर. तबकडीतले ठोके एका मापाचे होते. परत येताना आळीच्या तोंडाशी पोचलो, आणि रोज ज्याला शिव्या घालायचो तो आवाज कानावर आला. एक जोराचा ठोका, मग भांडे फिरवताना हातोडी टेकते तो हलका. माप तेच. फरक इतकाच, की इथे ते टणटणीत आणि जलद होते, तबकडीत बोजड आणि संथ. म्हणजे तबकडी आळीत भरली असावी, एवढे लक्षात आले. ठोके संथ कसे झाले, ते काही डोक्यात शिरेना.

त्याच आठवड्यात आमचा एक खबऱ्या आला. आळीच्या नाक्यावर त्याचे पानाचे दुकान होते. त्याने सांगितले, की म्हातारा गेल्यावर सुतकातच पुतण्या रेडिओ मिस्त्रीकडे जाऊन बसायचा. भर दुपारी दार बंद, आणि दाराला आतून गोधड्या. उन्हाळ्यात गोधड्या कशाला, म्हणून त्याच्या ध्यानात राहिले.

मिस्त्रीला बोलावले. पिढीजात कारागिराच्या घरातला, आळीतच जन्मलेला मुसलमान तरुण. फोनो, रेडिओ, बोलपटाच्या थिएटरातले कर्णे, सगळे दुरुस्त करायचा, आणि आपल्यासारखा कारागीर मुंबईपर्यंत नाही हे चारचौघांत सांगायचा. त्याने स्वतःच्या अकलेने एक पेटी बनवली होती. ती आवाजातली खरखर काढून टाकते, असे तो म्हणे. जबानीत मात्र तो पाठ केल्यासारखा बोलला. पंचवटीत गेलो, आवाज भरला, परत आलो. मी विचारले, बॅटऱ्या आणि पेट्या पुलावरून कशात नेल्या? हातगाडी म्हणाला. कोणाची? आठवत नाही. म्हाताऱ्याची खाट कितव्या मजल्यावर? आठवत नाही.

मार देऊन बोलते करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. मारलेला माणूस तुम्हाला हवे ते बोलतो, खरे बोलेलच असे नाही. ज्याला ज्या गोष्टीचा गर्व, तिथे बोट ठेवले की पुरते. मी मुद्दाम तुच्छतेने म्हणालो, तुझी ती पेटी पाहिली, त्यात विशेष काय आहे? असल्या पेट्या मुंबईला भंगारात पडलेल्या असतात.

त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मुंबईवाले आवाज साफ करतात साहेब. मी आवाज बदलतो. बारीकचा जाड करून देतो, सख्ख्या माणसाला ओळखू येत नाही." आणि त्याने जीभ चावली. काय बोलून बसलो ते त्याला कळले होते. मी जमादाराला चहा मागवायला सांगितले आणि काहीच विचारले नाही. चहा संपेपर्यंत त्याने सगळे सांगून टाकले.

पुतण्याने त्याला सांगितले होते, की गणपतीच्या मेळ्यातल्या नाटकात भुताचा आवाज हवा आहे. मिस्त्रीला आपले कसब दाखवायला निमित्तच मिळाले. आवाज भरताना त्याने तबकडी जलद फिरवली आणि पुतण्याला भराभर बोलायला लावले. तीच तबकडी सावकाश लावली, की बोलणे संथ होते आणि आवाज खाली उतरून जाड होतो. वरची टणक धार त्याच्या पेटीने कापली. काकाचे रक्त, काकाची बोलण्याची ढब, त्यात हा जाडपणा. म्हातारा हुबेहूब उभा राहिला. गोधड्या रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची ओरड अडवायला लावल्या होत्या. ठोक्यांचे काय, मी विचारले. तो म्हणाला, कुठले ठोके? तेव्हा मला माझा शेजारी आठवला. त्याने चेष्टा केलीच नव्हती. आळीत जन्मलेल्या माणसाला ठोका ऐकूच येत नाही. पुतण्याला नाही, मिस्त्रीला नाही, पंचांनाही नाही. नाटकाची थाप होती हे मिस्त्रीला तेराव्यानंतर कळले, पण पुतण्याने दम भरला होता, की आधी तुलाच बेड्या पडतील.

एकट्या मिस्त्रीच्या सांगण्यावर पंच विश्वास ठेवणार नव्हते. पोलिसांनी पढवले म्हणाले असते. म्हणून मी सगळ्यांना भर कामाच्या वेळी चौकीत जमवले. पंच, पुतण्या, आणि दाराशी ती बाई. बाहेर आळी जोरात चालू होती. मिस्त्रीला यंत्रापाशी बसवले; त्याला तबकडीची चाल कमीजास्त करायची कळ होती. वडील पंचांना मी म्हणालो, बोलण्याकडे लक्ष देऊ नका. बाहेरचे ठोके ऐका, मग आतले ऐका, आणि दोन्ही सारखे झाले की हात वर करा. त्यांनी डोळे मिटले. जन्मभर हातोडी धरलेला माणूस, एकदा दाखवून दिल्यावर त्यांना दोन्ही ऐकू येऊ लागले. ते सांगत गेले, अजून जलद, अजून थोडे. मिस्त्री कळ फिरवत गेला. म्हाताऱ्याचा आवाज चढत गेला, पातळ होत गेला. धप्पचे टण् झाले. वडील पंचांनी हात वर केला.

कर्ण्यातून पुतण्या बोलत होता. भराभर, धडा म्हणून दाखवावा तसे. बरं का मंडळी, ही बाई पांढऱ्या पायाची.

पंचांनी वळून त्याच्याकडे पाहिले. तो भिंतीला टेकून खाली बसला. मला वाटले होते, बाईला आनंद होईल. ती दाराशी मटकन बसली आणि हमसून हमसून रडू लागली. जमादाराने पाणी दिले, ते तिने घेतले नाही.

"मी त्यांना लय बोलले हो साहेब," ती म्हणाली. "तेराव्यापासून रोज मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्यांचं नाव पोरीला घेऊ देत नव्हते. आणि ते बिचारे काही बोललेच नव्हते."

वडील पंच तिच्याजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, की आम्हीही म्हाताऱ्याला तसाच समजलो, आता आम्ही तरी तोंड कसे दाखवायचे. घर त्यांनी तिथेच तिच्या स्वाधीन केले.

पुढचे सगळे कायद्याचे. फसवणुकीचा गुन्हा नोंदला, मिस्त्रीला माफीचा साक्षीदार केले. तबकडीला दस्तऐवज म्हणायचे की आणखी काही, यावर सरकारी वकिलांनी डोके धरले. पुतण्याला शिक्षा झाली, ती माझ्या मते कमीच. बाईने निकालाची चौकशीही केली नाही.

मला त्या प्रकरणाने एक गोष्ट शिकवली. माणूस चौकीत येतो तेव्हा अर्जात घर, शेत, दागिना असे काहीतरी लिहिलेले असते, आणि गेलेले असते दुसरेच. ते दुसरे काय, हे आधी विचारावे. त्याला कलम नसते, पण तपासाची वाट बहुतेक तिथूनच निघते. पुढे नोकरीभर मी हे पाळले.

त्या दिवशी चौकीतून निघताना ती मिस्त्रीपाशी थांबली. मला वाटले, आता दोन शब्द सुनावते. तिने हळू आवाजात विचारले, मामंजींचा खराच आवाज असा तबकडीत भरून ठेवता आला असता का? एवढा बडबड्या गडी, पण मान खाली घालून तो म्हणाला, "आला असता, ताई. मला कोणी सांगितलंच नाही."