चौथ्या मजल्यावरून नवघर

बाबांना कुणी भाईंदरबद्दल काही विचारलं, की ते ‘स्टेशनपासून जवळ आहे’ एवढंच सांगायचे. गिरगाव सोडून भाईंदरच्या नवघरला येऊन आम्हाला कितीतरी वर्षं झाली होती. पण पहाटे फोर्टातल्या ऑफिसला निघायचं, रात्री येऊन झोपायचं, आणि रविवारी पुन्हा गिरगावात जुन्या मित्रांकडे, असा त्यांचा खाक्या. राहतो ते गाव त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. अशी माणसं आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर होती.

बाबा निवृत्त झाले आणि लगेच बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. काठी घ्या आणि जिना उतरा, असं डॉक्टरांनी बजावलं. पण चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि बाबांनी जिन्याची धास्तीच घेतली. ‘उद्या बघू’ म्हणत खिडकीजवळच्या खुर्चीत समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघत बसायचे. आई समजावून थकली, मी चिडून थकलो. हा माणूस आता याच खुर्चीत संपणार, अशी मला भीती वाटायची.

त्या सुमारास घरी ब्रॉडबँड आलं. उपग्रहातून काढलेले नकाशे घरबसल्या बघता येतात, याचं तेव्हा भारी अप्रूप होतं. मी बाबांना आमची गच्ची दाखवली, अगदी पाण्याच्या टाक्यांसकट. ते स्क्रीनला नाक लावून बसले.

“आणि हे मागे गोल काय आहे? विहीर?”

मला काय माहीत! मीही त्यांचाच मुलगा.

दुसऱ्या दिवशी आई भाजीला निघाली, तशी बाबांनी तिला विहीर बघायला पिटाळलं. तिच्याकडे माझा जुना मोबाइल होता. बाबा कॉम्प्युटरपुढे, लँडलाइनचा रिसीव्हर मानेत धरून.

“आता डावीकडे वळ. मोठं झाड येईल.”

“आलं. पिंपळ आहे. पारावर म्हातारे पत्ते कुटताहेत.”

विहीरही सापडली. मग हे रोजचंच झालं. कौलारू घरं, तळं, जेसल पार्कपलीकडची खाडी, आईने सगळं पालथं घातलं. इतक्या वर्षांच्या संसारात ही दोघं एकत्र फिरायला गेलेली मला आठवत नाहीत. आता रोज जात होती. त्या दोन यंत्रांचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं, अजूनही वाटतं. मात्र बाबा खाली काही उतरेनात. “आता कशाला उतरायचं? सगळं बघून झालं की,” म्हणायचे.

एकदा त्यांनी आईला मिठागराकडे धाडलं. नकाशात पांढरे चौकोन स्वच्छ दिसत होते.

“अहो, इथे बिल्डिंग आहे. सात मजली.”

“तू चुकलीस. मागे फिर.”

“मी बिल्डिंगसमोर उभी आहे!”

बराच वेळ जुंपली. शेवटी वैतागून आईने दारात बसलेल्या एका गाववाल्या म्हातारीच्या कानाला फोन लावला. बाबांनी हट्टाने तिलाही मिठागर विचारलं.

“मीठ न्हाय आता बाबा,” ती शांतपणे म्हणाली, “बिल्डिंगच हाय.”

आमच्याकडे बिल्डिंगी फोटोपेक्षा भरभर उगवायच्या, त्याला उपग्रह तरी काय करणार? पण बाबांना ते लागलं. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि म्हणाले, “त्या फोटोचा काही भरवसा नाही. खाडी तरी जागेवर आहे का, बघायला हवं. काठी कुठे आहे?”

आईने आणि मी एकमेकांकडे बघायचंही टाळलं, न जाणो विचार बदलला तर. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी, दर मजल्यावर थांबत आणि आमच्यावर खेकसत बाबा खाली उतरले.

रिक्षावाला नवखा होता. बाबा पुढे वाकून त्याला सांगू लागले, “तालाब के बाद राइट. अभी सीधा.” या रस्त्यांवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि एकही वळण चुकलं नाही. मला भारी अभिमान वाटला.

खाडीच्या कठड्याशी बाबा काठीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. सदरा फडफडत होता. मग आईला म्हणाले, “इथे एवढा वारा असतो, हे फोनवर कधी बोलली नाहीस.”

“सगळं फोनवर सांगितलं असतं,” आई पदर सावरत म्हणाली, “तर उतरला असतात का तुम्ही?”