सारजाचे भरलेले गाल

कुशाबाईच्या पोटात दुखायला लागलं ते धाकट्या जावेचे, सारजाचे, गाल भरायला लागले तेव्हापासून. त्याआधी तिचे नुसते गुडघे दुखायचे.

कुशाबाई पणदऱ्याची लेक, सणसरच्या उसाच्या घरात मोठी सून म्हणून आली आणि कामालाच लागली. चार म्हशी, धारा, वैरण, डेअरीच्या किटल्या, सगळं तिच्या अंगावर. नवरा मानसिंगराव वाईट माणूस नव्हता हो, पण बायकोलाही काही दुखत असेल हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. म्हैस लंगडली की जेवणाचं ताट सोडून उठायचा. बायको लंगडली तर म्हणायचा, "जरा पाय उचल, दूध नासंल."

आणि सारजा? तिला आमवात झाला. बोटं सुजली, सकाळी वेणी घालता येईना, भाकरी थापता येईना. तर तिचा नवरा, म्हणजे कुशाबाईचा धाकटा दीर रावजी, तिला मोटारसायकलवर मागं बसवून थेट इंदापूरला डॉक्टरकडं घेऊन गेला! कुशाबाई दारात शेणाचे हात घेऊन बघत राहिली. तिथून बारीक पांढऱ्या गोळ्या आल्या, आणि आठवड्यात सारजाची बोटं वळायला लागली. दोन-तीन महिन्यांत तोंड कसं गोल गरगरीत झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिच्याभोवती जमल्या. "सारजे, काय खातीस गं? काय तब्येत झालीया!" कुशाबाई शेजारीच वाण घेऊन उभी होती. तिच्या खप्पड गालांकडं एकीनंही बघितलं नाही.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. "बसून खायला मिळाल्यावं म्हसरूबी फुगतंय," ती चुलीशी पुटपुटली.

पण जळून का गुडघे थांबतात? एक दिवस सारजानं गोळ्यांचं रिकामं पाकीट उकिरड्यावर टाकलं. कुशाबाईनं इकडंतिकडं बघितलं, पाकीट उचललं आणि कनवटीला लावलं. पुढल्या बाजाराला बारामतीत मेडिकलवाल्यापुढं धरलं. त्यानं चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलं नाही, तसल्याच गोळ्या काढून दिल्या. सारजा एक घेते तर आपणही एक, असा हिशेब. गुडघे असे मोकळे झाले की बाई मळ्यापर्यंत न थांबता गेली. सहा महिन्यांनी आरशात गाल जरा भरल्यासारखे दिसले, तेव्हा तिला जो आनंद झाला तो ती कुणाला सांगणार? गोळ्यांचा डबा ज्वारीच्या कणगीत आणि तोंडाला कुलूप. आपण धाकटीची नक्कल करतो हे धाकटीला कळलं असतं तर कुशाबाईनं विहीर जवळ केली असती.

अशी तीन वर्षं गेली.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत बारामतीच्या एका दवाखान्यात वातवाल्यांची हाडं तपासायचं शिबिर लागलं. रावजी सारजाला नेणार हे ठरलेलंच. कुशाबाई म्हणाली, "माजंबी गुडघं हायेत की!" आणि एसटीत आधी चढून खिडकी धरून बसली.

डॉक्टरबाईंनी दोघींना एकाच बाकावर बसवलं. आधी टाच एका मशिनात घालून झाली. मग कागद घेऊन त्या एकेक विचारायला लागल्या. किरकोळ पडून कधी हाड मोडलं का? आईचा खुबा मोडला होता का? पाळी कधी गेली? उंची घटल्यासारखी वाटते का? वाताच्या गोळ्या कुठल्या, किती वर्षं?

सारजानं आपली सगळी खरीखुरी उत्तरं दिली. पिशवी पस्तिसाव्या वर्षी काढली. गेल्या साली गोठ्यात घसरली, मनगट मोडलं. गोळ्या साडेतीन वर्षं चालू. डॉक्टरबाईंनी तिच्या गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"आमवात हाडं पोखरतो, आणि ह्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की त्याही पोखरतात. आणि हे गाल तब्येतीचे नाहीत बाई, गोळ्यांची सूज आहे ही. पण एकदम बंद करू नका हं, त्यानं जिवावर बेतेल. मी हळूहळू कमी करत आणते." मग त्यांनी रावजीला आत बोलावलं. "हिचं हाड कधीही मोडू शकतं. ओझं उचलायचं नाही, वाकून काम नाही. घरात सगळ्यांना सांगा." आणि कागदावर लाल शाईनं मोठं लिहून दिलं.

कुशाबाईनं आपल्या गालांवरून हात फिरवला. सूज! आपले गालही मग सूजच की. हीच वेळ होती तोंड उघडायची. पण तिची नजर त्या लाल शाईवर खिळली होती. हिला आता कागदावर लिहून विसावा! डॉक्टरबाई हिच्या खांद्यावर हात ठेवतायत, नवरा हिच्याकडं कसा बघतोय, आणि आपण? जीव धोक्यात आहे त्या बाईचा, आणि कुशाबाईला तिच्या धोक्याचाही हेवा वाटला. माणसाचं मन असं असतं, काय करणार!

"आता तुम्ही. गोळ्या कुठल्या घेता?"

सारजा शेजारीच होती, मांडीला मांडी लावून.

"न्हाय. जल्मात गोळी खाल्ली न्हाय म्या."

डॉक्टरबाईंनी मशिनचा आकडा परत बघितला. "तुमचं हाड जरा कमीच दाखवतंय. पण नुसत्या मशिनवर मी ठरवत नाही, तुमच्या उत्तरांवर ठरवते. म्हणून परत विचारते, खरंच काही नाही?"

"न्हाय म्हनलं की वो!"

झालं. कुशाबाईचा कागद साफ निघाला.

आणि त्या साफ कागदानंच तिचा घात केला. घरी रावजीनं दोन्ही कागद मानसिंगरावांपुढं ठेवले. "सारजाला काम सांगायचं न्हाय. वैनीला कायबी झालेलं न्हाय." मानसिंगराव खूश झाले. "म्हनलंच हुतं मी. घोड्यावानी हाय ती." सारजाच्या वाटणीच्या किटल्या, सारजाच्या वाटणीची वैरण, सगळं कुशाबाईकडं आलं. ओसरीवर सारजा लसूण सोलत बसायची आणि कुशाबाई डोक्यावर उसाच्या वाढ्याचा, हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन तिच्यासमोरून जायची. काळजाचा कोळसा व्हायचा. रोज वाटायचं, आज सांगावं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझे गाल बघून मी तुझ्या गोळ्या खाल्ल्या? त्यापेक्षा भारा बरा. काम दुप्पट झालं तशा गोळ्याही तिनं एकाच्या दोन केल्या.

चैत्रात एका सकाळी तिनं दुधाची किटली उचलली, आणि पाठीत कट् झालं. ती तशीच खाली बसली. दूध अंगणभर सांडलं. मानसिंगराव ओरडत आले, आणि बायकोचं तोंड बघून तसेच जीप आणायला धावले.

जीपमध्ये गादी टाकून तिला बारामतीला त्याच डॉक्टरबाईंकडं नेलं. फोटोत पाठीचा मणका चेपलेला दिसला. डॉक्टरबाई फोटो बघायच्या, मग जुना कागद बघायच्या. काही जुळेना.

"किटली उचलून असं होत नाही. ह्यांना कसल्या गोळ्या चालू होत्या?"

"एकबी न्हाय," मानसिंगराव ठासून म्हणाले.

"नीट सांगा. असल्या गोळ्या चालू असतील आणि मी त्या न कळता तोडल्या, तर मणका राहिला बाजूला, बाई हातची जाईल."

कुशाबाईनं डोळे मिटले. सारजा उशाशी उभी राहून तिच्या केसांवरून हात फिरवत होती. हिला बाहेर पाठवा म्हणावं, एवढंच तिच्या मनात आलं. पण मग तेवढंही त्राण राहिलं नाही.

"सारजाच्याच गोळ्या," ती म्हणाली. "तीन वर्सं. आता रोज दोन."

"कुणी दिल्या?"

"कुनी न्हाय. माज्या मीच आनल्या." मग एकदम तिला रडू फुटलं. "हिचा हेवा वाटायचा मला. हिचं समदंच बघवायचं न्हाय. दुखनंबी बघवायचं न्हाय."

डॉक्टरबाईंनी जुन्या कागदावरच्या 'नाही'वर काट मारली आणि शेजारी 'होय, तीन वर्षे' लिहिलं.

सारजाचा हात थांबला होता. "आक्का," ती म्हणाली, "मागितल्या असत्या तर मी दिल्या असत्या की वो."

"म्हणजे दोघीही मोडला असतात," डॉक्टरबाई तडकून म्हणाल्या आणि सुई आणायला गेल्या.

कुशाबाईनं मान वळवली. सारजाचं तोंड तिनं इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. कातडी कागदासारखी पातळ झालेली, दंडावर काळेनिळे डाग, आणि त्या फुगलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं. सणसरपासून जीपमध्ये वाकून जावेचं डोकं धरून आली होती ती, आणि अजून उभीच होती.

"सारजे," कुशाबाई म्हणाली, "तितं स्टूल हाय. बस आधी."